विनापरवाना

बाबांना पहिली फीट आली ती जेवताना. आई बांगड्याचं तिखलं वाढून आत वळली आणि मागे ताट वाजलं. मी दुकान बंद करून दुपारच्या जेवणाला घरी आले होते, त्यांच्या समोरच बसले होते. मालवणच्या बाजारात माझं औषधांचं दुकान आहे. फीट आली तर माणसाला कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, कांदा-चप्पल हुंगवू नका, हे मी काउंटरवरून कितीतरी लोकांना सांगत आले आहे. त्या दिवशी ते सगळं मी केलंसुद्धा, नीट केलं. पण नंतर पुष्कळ दिवस स्वयंपाकघरात ताट पडलं की मी हातातलं टाकून आधी बाबांकडे बघायचे.

भाऊ गोव्याला नोकरी करतो. त्याच्याकडे नेऊन सगळ्या तपासण्या केल्या. कधीतरी मेंदूत एक छोटा झटका येऊन गेला होता, कोणाला कळलाही नव्हता, आणि त्याच्या जागी राहिलेला व्रण आता त्रास देत होता. डॉक्टर चांगले होते, शांतपणे बोलले. गोळ्या चुकवायच्या नाहीत. विहिरीवर एकट्याने जायचं नाही. समुद्रात उतरायचं नाही. गाडी चालवायची नाही.

पहिल्या तिन्हीला बाबांनी मान डोलावली. चौथ्याला विचारलं, "किती दिवस?"

"आता नाहीच, असं धरून चाला," डॉक्टर म्हणाले.

बाबा जन्मभर एसटीवर ड्रायव्हर. निवृत्त झाल्यावर माझी छोटी गाडी तेच चालवायचे. मला दुकानात सोडायचे, कुडाळहून माल आणायचे, आईला माहेरी न्यायचे. डॉक्टरांकडून बाबांना घेऊन आम्ही गाडीपाशी आलो. भावाने चालकाच्या बाजूचं दार उघडलं, तेव्हा सवयीने तेच पुढे झाले होते. मग बाजूला झाले आणि वळसा घालून पलीकडच्या सीटवर जाऊन बसले.

त्यानंतरचे महिने घरात वाईट गेले. बाबा सकाळी लवकर उठायचे, दाढी करायचे, आणि घरापुढच्या खळ्यात, अंगणात, रस्त्याकडे तोंड करून खुर्ची टाकून बसायचे. सुरुवातीला जाणाऱ्या गाडीच्या आवाजावरून ती कुठली, ड्रायव्हर नवा की जुना, हे आम्हाला सांगायचे. हळूहळू ते सांगणंही थांबलं. दुपारी झोपायला लागले. उठले की चेहऱ्यावर राग असायचा, पण तो कोणावर हे त्यांना स्वतःलाच कळत नसावं. आई एकदा मागीलदारी मासे साफ करता करता मला म्हणाली, "तेंका हातात कायतरी व्हया गो."

ते हातात काहीतरी भावाने आणलं. चतुर्थीला येताना त्याने गाडीत एक संगणक, टेबलाला आवळून बसवायचं स्टीअरिंग, पायाखालचे ब्रेक-क्लच आणि बस चालवायचा एक खेळ असं सगळं आणलं. खेळ त्याने गोव्यातल्या दुकानातून रीतसर विकत घेतला होता. डबा होता, डब्यात आकड्यांचं कार्ड होतं. आरती-भजनांच्या गडबडीत त्याने माडीवरच्या खोलीत ते सगळं जोडलं आणि बाबांना बसवलं. पडद्यावर कुठल्यातरी थंड देशातले डोंगर, उतरती छपरं, आणि बसचं स्टीअरिंग डाव्या बाजूला.

"ही खंयची गाडी रे?" बाबा म्हणाले. "ड्रायव्हर क्लीनरच्या जागेर बसता."

भावाने कुठेतरी काहीतरी बदलून स्टीअरिंग उजवीकडे आणलं. पहिल्याच वळणाला बाबांनी बस एका गोठ्यात घातली. आम्ही सगळे हसलो, तेही हसले. पण पाहुणे गेले आणि माडीवरून गिअर बदलल्याचे आवाज यायला लागले. आठवड्याभरात त्या परक्या डोंगरातले घाट त्यांना पाठ झाले. खेळातले उतारू ब्रेक जोरात लागला की तक्रार करायचे. त्याचा त्यांना खरंच राग यायचा. जेवताना आम्हाला सांगायचे की रस्त्यात जनावर आलं, ब्रेक लावणं भागच होतं.

मला बरं वाटायचं. ज्या माणसाला मी बाहेर जाऊ नका, चालवू नका, उतरू नका असं दिवसभर सांगत होते, त्याला एक जागा मिळाली होती जिथे अपघात झाला तरी कोणाला काही होत नव्हतं.

त्या खेळात स्वतःचा रस्ता बांधायची सोय होती. हे मला सापडलं आणि त्यातून आमचे रविवार सुरू झाले. बाबांना मालवणहून विजयदुर्गला जाणारी वस्तीची गाडी चालवायची होती. ती गाडी संध्याकाळी निघायची, ड्रायव्हर-कंडक्टर तिथेच झोपायचे आणि पहाटे परत फिरायचे. बाबांनी ती बरीच वर्षं केली होती. ते खुर्चीत डोळे मिटून बसायचे आणि बोलायचे, मी माउसने रस्ता ओढायचे. कोळंबचा पूल, ओझर, आचरा, मिठबाव, कुणकेश्वर. कुठे चढ किती, कुठे कडेची माती पावसात रस्त्यावर येते, कुठे समोरची गाडी शेवटपर्यंत दिसत नाही. एका वळणावर त्यांनी मला मोठं आंब्याचं झाड घालायला सांगितलं. ते झाड रस्ता रुंद करताना गेलं हे मला माहीत होतं. मी तसं म्हटलं.

"माझ्या टायमाक होतो. घाल," ते म्हणाले.

मी घातलं. विजयदुर्गला पोचायला आम्हाला एक आख्खा हिवाळा आणि त्यापुढचा उन्हाळा लागला. तोपर्यंत तो रस्ता मला माझ्या तळहातासारखा झाला होता. खरं तर मी त्यावरून फारशी गेलेसुद्धा नव्हते.

आता त्या खेळाच्या कुलपाबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यातूनच झालं. खेळ विकत घेतला तरी तो आपला होत नव्हता. प्रत्येक वेळी सुरू करताना पडद्यावर एक गोल फिरायचा आणि खाली इंग्रजीत लिहून यायचं की आपण खात्री करत आहोत. तेवढ्यात तो इंटरनेटवरून कंपनीच्या यंत्राला विचारायचा की हा माणूस खरा गिऱ्हाईक आहे का. तिकडून हो आलं तरच बस सुरू. मध्येच इंटरनेट गेलं तर बस भर रस्त्यात उभी. आम्ही बांधलेला रस्ताही आमच्या संगणकात नव्हताच, तोही कंपनीकडेच साठवलेला. आणि आमच्याकडचं इंटरनेट म्हणजे वाऱ्यावर. माडाची झावळी पडली की वायर तुटायची, मग मी माझ्या मोबाइलवरून जोडून द्यायचे. मोबाइलमुळे त्या यंत्राला आम्ही कधी मुंबईत दिसायचो, कधी पुण्यात, कधी गोव्यात. हे असं दिसतं हे मला पुढे कळलं.

चोरलेल्या प्रती खेळल्या जाऊ नयेत म्हणून कंपन्या हे करतात, असं भावाने बाबांना समजावलं होतं. बाबांना ते पटलं होतं. "बरोबर आसा. चेकिंग व्हयाच," असं ते म्हणाले होते. नोकरीत असताना तिकीट तपासणीचं पथक गाडीत चढलं की बाकीचे कपाळाला आठ्या घालायचे, बाबा नाही. त्यांची गाडी कायम स्वच्छ. भाऊ हसून म्हणाला होता की त्याच्या ऑफिसातल्या एकाने हाच खेळ कुलूप तोडलेला, फुकटचा उतरवून घेतला आहे, आणि त्याला हा गोल कधीच दिसत नाही. बाबांना त्यात हसण्यासारखं काही वाटलं नव्हतं.

परतीच्या पावसात एका संध्याकाळी आमच्या भागात वीज पडली. घरातला पंखा गेला, राउटर गेला, आणि संगणकातून जळका वास आला. कुडाळला दुरुस्तीला दिला. आतला मुख्य बोर्ड बदलावा लागला. तो परत येईपर्यंत बाबा रोज विचारायचे आणि मी रोज सांगायचे की आज-उद्या येईल. आला त्या दिवशी त्यांनी आंघोळ करून धुतलेला शर्ट घातला. मी सगळं जोडलं. गोल फिरायला लागला, आणि नेहमीपेक्षा जास्त वेळ फिरला. मग पडदा करडा झाला आणि एक चौकट आली.

"ह्या काय म्हणता?" बाबांनी विचारलं.

मी एकदा मनात वाचलं. ही प्रत परवानगीपेक्षा जास्त यंत्रांवर वापरली गेली आहे, वेगवेगळ्या ठिकाणांहून वापरली गेली आहे, अनधिकृत वापराच्या संशयावरून खातं थांबवण्यात येत आहे. मला ते जरा गोल गोल सांगता आलं असतं. पण बाबा माझ्या चेहऱ्याकडे बघत होते.

"अनधिकृत म्हणजे?"

"म्हणजे... विनापरवाना."

त्यांनी स्टीअरिंगवरचे हात काढून घेतले. मग म्हणाले, "पैशे देवन घेतलो मा आपण?"

"हो बाबा."

"जल्मात कोणाक विनातिकीट बसवक नाय मी," असं म्हणून ते उठले आणि खाली गेले.

मी कंपनीला लिहिलं की बोर्ड बदलला म्हणून संगणक नवा वाटतो आहे, आणि जागा मोबाइलमुळे वेगळ्या दिसतात. पलीकडून उत्तर द्यायला माणूस नव्हता, कसलंतरी यंत्रच होतं. ते प्रत्येक वेळी माझे आभार मानायचं आणि तेच तेच विचारायचं. मी कार्डावरच्या आकड्यांचा फोटो पाठवला. उत्तर आलं की हा आकडा आधीच वापरला गेलेला आहे. तो आम्हीच वापरला होता, म्हणूनच तर खेळत होतो, असं मी लिहिलं. उत्तर आलं की आपली अडचण आम्ही समजतो. खरेदीची पावती मागितली. भावाने जिथून घेतला ते दुकान एव्हाना बंद होऊन तिथे मोबाइलची कव्हरं विकत होते. शेवटी, प्रकरण तपासणीला पाठवलं आहे, वाट बघा, असं आलं. किती, ते नाही.

आणि आमच्या घरात ती वाट बघणं सुरू झालं.

बाबा सकाळी दाढी करून माडीवर जायचे. संगणक लावायचे, ती करडी चौकट यायची, तिच्यासमोर बसून राहायचे. वर चहा घेऊन गेलेल्या आईला एकदा ते बंद पडद्यासमोर गिअर टाकताना दिसले. ती खाली आली आणि भाजी निवडायला बसली. मग त्यांनी वर जाणंही सोडलं. स्टँडवर जाऊन बसायला लागले. गाड्या लागताना बघायचे, कधी एखाद्या जुन्या सहकाऱ्याच्या गाडीत चढून चालकाच्या मागच्या सीटवर बसायचे आणि गाडी सुटायच्या आधी उतरायचे. हे मला स्टँडजवळच्या एका गिऱ्हाइकाने सांगितलं. त्याला वाटलं मला बरं वाटेल.

माझं दुकानात लक्ष लागेना. मोबाइल वाजला की आधी घरचा नंबर आहे का ते बघायचे, मगच उचलायचे. एकीकडे मनात यायचं, हा काय मूर्खपणा. एक खेळ बंद पडला आहे, माणूस नाही. दुसरीकडे मला दिसत होतं की बाबांची नजर पुन्हा माझ्या गाडीवर जाते आहे. एकदा त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, गाडी बरेच दिवस उभीच आहे, बॅटरी उतरेल, फाटकापर्यंत नेऊन आणू का. मी नको म्हटलं. बाबांचं चालवणं थांबल्यापासून मी दुकानात स्कूटरनेच जायचे; त्या दिवसापासून गाडीची चावीही तिथल्या गल्ल्यात ठेवायला लागले. दुसरी चावी आईच्या कपाटात साड्यांखाली होती. ती तिथे आहे हे मी पार विसरले होते. बाबा विसरले नव्हते.

भावाने फोनवर सुचवलं की तो कुलूप तोडलेला खेळ पेनड्राइव्हवर पाठवून देतो. इंटरनेट नको, गोल नको. आमचा रस्ता त्यात नसेल, पण निदान बस तरी चालेल. मी लगेच हो म्हणाले. मला त्या क्षणी चोरी वगैरे काही दिसत नव्हतं, बाबांना परत माडीवर बसवायचं एवढंच दिसत होतं. संध्याकाळी बाबांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"नको," ते म्हणाले. "मगे ता यंत्र म्हणता ताच खरा होतला."

मी पुन्हा समजावायला गेले, तर आईने मला डोळ्यांनी गप्प केलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, दुपारची वेळ, दुकानात गर्दी नव्हती. फोन वाजला. आई होती.

"गाडी नाय," ती म्हणाली, "आणि ते पण नाय."

दुकानाचं शटर मी ओढलं की नाही हे मला आठवत नाही. नंतर कळलं, शेजारच्यांनी ओढलं. स्कूटर काढली आणि बाजाराच्या तोंडाशी येऊन थांबले. कुठे जायचं? कुडाळकडे? स्टँडवर? कट्टा गावाकडे? मग एकदम कळलं. ते दुसऱ्या कुठल्या रस्त्याने जाणारच नाहीत. मी कोळंबच्या पुलाकडे वळले.

तो प्रवास मला अजून स्वप्नात दिसतो. पुढचं प्रत्येक वळण मला आधी माहीत होतं, कारण ते मी स्वतः ओढलं होतं, आणि प्रत्येक वळणाआधी मी मनात गाडी उलटलेली बघून घेत होते. समोरून येणाऱ्या माणसांचे चेहरे बघत होते, त्यांनी मागे काही पाहिलं असेल तर ते दिसेल म्हणून. ओझरच्या पुढे रस्त्याच्या कडेला पाचसहा माणसं गोळा होऊन खाली वाकून काहीतरी बघत होती. मी स्कूटर थांबवली. माणसांच्या मधोमध एक उघडा पंप आणि पाइप होता. कोणाच्यातरी बागेची मोटर बिघडली होती. त्यातला एक माझ्याकडे बघून हसला. मी पुढे गेले.

आणि सगळा वेळ मला बाबांचीच भीती होती असं नाही. रस्त्यात शाळा सुटली होती. पोरं कडेने, मधून, सायकली हातात धरून चालली होती. बाबांना फीट येऊन एकटेच झाडावर आपटतील ही एक भीती, आणि दुसरी तिच्याहून मोठी. तिचा विचार करायला लागलं की मला पुढचा रस्ता दिसेनासा व्हायचा.

आचऱ्याला तिठ्यावर चहाची टपरी आहे. टपरीवाला बाबांना ओळखतो. मी विचारायच्या आधीच म्हणाला, "ड्रायव्हर काका इल्ले मगाशी. चाय घेतल्यानी नि फुडे गेले." बरे दिसत होते का, असं मी विचारलं. बरे म्हणजे, खुशीत होते, तो म्हणाला. मला रडू आलं. फोनला तिथे रेंज होती, आईचे तीन कॉल येऊन गेले होते. तिला एवढंच सांगितलं की आचऱ्यापर्यंत नीट आलेत.

पुढे चढ लागतो. चढावर डाव्या हाताला रस्ता जरा फुगतो, खडी टाकायला केलेली जागा आहे. तिथे माझी गाडी उभी होती. सरळ, रस्त्याला समांतर, हँडब्रेक ओढलेला, चाकाला दगड लावलेला. आत कोणी नव्हतं.

गाडीच्या पलीकडे, उताराच्या सावलीत, बाबा जमिनीवर कुशीवर पडले होते. डोकं एका बाईच्या मांडीवर. दुसरी बाई पदराने वारा घालत होती. दोघी गवताचे भारे घेऊन चालल्या होत्या, भारे तिथेच टाकलेले. शर्टाला माती, ओठ चावलेला, पण डोळे उघडे होते. फीट येऊन गेली होती. मी गुडघ्यांवर बसले, नाडी बघितली, उगाचच. नाडीने काय कळणार होतं.

"तू तेंचा चेडू गो?" वारा घालणारीने विचारलं. मुलगीच, असं मी मान डोलावून सांगितलं. त्यांनी सांगितलं ते असं, की गाडी थांबली, काका उतरले, दगड शोधून चाकाला लावला, मग इकडे येऊन स्वतःहून खाली बसले, आणि मग आडवे झाले. कांदा नव्हता म्हणून काही हुंगवलं नाही, असं त्या जरा अपराध्यासारखं म्हणाल्या. मी त्यांचे हात धरले.

बाबांना बोलता यायला वेळ लागला. फीटनंतर तसं होतं, शब्द जागेवर यायला वेळ घेतात. मी पाण्याची बाटली त्यांच्या हातात दिली. प्यायले. खिशातून चावी काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली.

"घे," ते म्हणाले. आणि बऱ्याच वेळाने, "फुडे मोटारसायकल होती. पाठी बायल बसलेली, मांडयेर पोर. आणि माका तो वास इलो."

फीट यायच्या आधी त्यांना काहीतरी जळल्याचा वास येतो. हे आम्हाला माहीत होतं. तो वास आला की हातात फार वेळ नसतो, हेही.

"गाडी बाजूक घेतलंय," ते म्हणाले. "बाजूक घेवक जागा नसती तर?"

वाटभर मीही हेच विचारत आले होते, पण त्यांच्या तोंडून ते ऐकवत नव्हतं. आयुष्यभर एकही अपघात न केलेला माणूस रस्त्याच्या कडेला बसून स्वतःच्या हातांकडे बघत होता. मला त्यांच्यावर ओरडायचं होतं. ते वाटेतच कुठेतरी गळून गेलं होतं.

भाऊ गोव्याहून निघाला. आचऱ्याच्या एका ओळखीच्या माणसाने गाडी घरी आणून दिली, मागच्या सीटवर मी आणि बाबा. डॉक्टरांनी गोळ्या वाढवल्या. ती साड्यांखालची चावी आईने माझ्याकडून घेऊन स्वतः भावाच्या हातात दिली आणि सांगितलं की ही आता गोव्यालाच राहू दे. बाबा फाटकाबाहेर जाताना आता आईला सांगून जायचे.

नाताळच्या सुमारास एक दिवस कंपनीचं पत्र आलं, दोन ओळींचं. तपासणीअंती खातं पूर्ववत सुरू करण्यात येत आहे, यापुढे वापराच्या नियमांचं पालन करावं. चूक कोणाची, का झाली, एक शब्द नाही. बाबांना वाचून दाखवलं. त्यांनी विचारलं की नियम आपण मोडला होता का. मी नाही म्हटलं. मग असं का लिहिलंय, असं त्यांनी विचारलं, तेव्हा मी त्या दोन ओळी पुन्हा वाचल्या.

गोल फिरला, बस सुरू झाली, आमचा रस्ता जसाच्या तसा होता. बाबांनी त्या संध्याकाळी मालवण ते विजयदुर्ग गाडी नेली. आई खुर्ची घेऊन शेजारी बसली होती. मला वाटलं, संपलं.

संपलं नव्हतं. बाबांचा त्या खेळावरचा विश्वास गेला होता. ते आता संगणक बंद करू देईनात. बंद केला तर पुन्हा खात्री, पुन्हा तो गोल, आणि या वेळी नाही म्हणाला तर? यंत्र दिवसभर गुरगुरत राहायचं. लांब कुठे गडगडलं की ते जिना चढून वर जायचे आणि प्लगजवळ उभे राहायचे, काढू की नको. काढला तर खात्री, न काढला तर वीज. गोल फिरत असला की मीसुद्धा खाली स्वयंपाकघरात हातातलं काम थांबवून ऐकत राहायचे, बसचं इंजिन सुरू झाल्याचा आवाज येईपर्यंत. बरं वाटावं म्हणून आणलेल्या वस्तूची आम्हा तिघांना धास्ती बसली होती. त्यात भावाने कुठेतरी वाचलं की काही वर्षांनी कंपन्या ही यंत्रंच बंद करतात, मग पैसे देऊन घेतलेले खेळही उघडत नाहीत. हे त्याने मला सांगितलं. मी बाबांना सांगितलं नाही. त्यांनी स्वतःच एकदा विचारलं, "ह्या परत बंद करतीत तेवा?"

शिमग्याला भाऊ आला तो दुसरा खेळ घेऊन. कोणा परदेशी हौशी माणसांनी केलेला, विकतच घेतलेला, पण कुलूप नसलेला. एकदा उतरवून घेतला की आपला. इंटरनेटची वायर काढून ठेवली तरी चालतो. भावाने ती काढूनच दाखवली. दिसायला अगदीच साधा आहे. झाडं सगळी एकसारखी, माणसं ठोकळ्यासारखी, समुद्र सपाट निळा. बाबांनी दोन दिवस तो चालवून बघितला आणि मग मला म्हणाले की जुना रस्ता यात घालता येत नसेल तर परत काढूया.

परत म्हणजे सगळा. माझं मनगट आधीच दुखत होतं. पण रविवारी जेवण झालं की आम्ही माडीवर जातो. ते डोळे मिटून सांगतात, मी काढते. आता ते पूर्वीसारखं भराभर सांगत नाहीत, मध्येच थांबतात. एखाद्या गावाचं नाव जिभेवर येत नाही, तेव्हा मी ते सुचवत नाही. वाट बघते. गोळ्या वाढल्यामुळे असं होतं की दुसरं काही, हे डॉक्टरांनाही अजून नीट सांगता आलेलं नाही. पुढच्या महिन्यात पुन्हा तपासणी आहे.

गेल्या रविवारी आम्ही आचऱ्याच्या अलीकडे पोचलो; खडीच्या जागेचा तो चढ अजून पुढे आहे.